चित्रातून गाळलेलं केंदाळ

बुद्धावरच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं की कोल्हापुरात दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांची वाक्यं आता पाठ झाली आहेत. पहिला तट म्हणतो, चित्र काढणं हेच ध्यान. कुंचला हातात धरला की मन आपोआप शांत होतं, मग विपश्यनेला वेगळं जायचं कशाला? दुसरा म्हणतो, हे पोट भरलेल्यांचे चोचले; बुद्धाचा मुखवटा दिवाणखान्यात टांगायचा आणि त्याचा धम्म उंबऱ्याबाहेर ठेवायचा. शाहू स्मारकच्या कलादालनात हा वाद मी ऐकला आहे, बाहेर दसरा चौकात चहाच्या गाड्यावर ऐकला आहे, मोबाइलवरच्या ग्रुपांत तर तो रोजचाच. रविवारच्या मंडला आर्टच्या कार्यशाळा निघाल्यापासून त्याला आणखी धार आली. वादाला माझी हरकत नाही. वाद नसेल तर कोल्हापूरची माणसं आजारी पडतील. हरकत एवढीच की दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे: ध्यान म्हणजे शांत वाटणं. एकाला ती शांतता हवी, दुसऱ्याला तिचा राग. बुद्धाने ती मागितली होती का, हे विचारायला कुणी तयार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चित्रकला बौद्ध अर्थाने साधना होऊ शकते. विषय बुद्ध आहे म्हणून ती साधना होत नाही, काढताना बरं वाटतं म्हणून तर मुळीच नाही. ती साधना होते पाहण्याच्या शिस्तीमुळे. समोर जे आहे ते, आपल्या आवडीनावडीची भर न घालता, पुन्हा पुन्हा पाहायचं, आणि भर पडली की ती पडली हेही पाहायचं. ही शिस्त दुःखापाशी येऊन मान वळवत असेल तर तिचा बुद्धाशी असलेला संबंध तिथे तुटतो, कॅनव्हासवर कितीही पिंपळपानं असोत.

आता विरोधकांची बाजू. ती त्यांनी स्वतः मांडली आहे त्याहून भक्कम आहे. कलेचा गौरव करताना उठसूट बुद्धाचं नाव घेणाऱ्यांनी एकदा तिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा पाली ग्रंथसंग्रह, उघडून बसावं, पंचाईत होईल. उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी उपासकाने नाचगाणं आणि तमाशे पाहण्यापासून दूर राहायचं आहे. नटांचा मुखिया तालपुट बुद्धाला विचारतो, लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांमध्ये जातो ना? बुद्ध दोनदा उत्तर टाळतो आणि तिसऱ्यांदा सांगतो की नरकात जातो, कारण लोभ, द्वेष, मोह यांत आधीच अडकलेल्या माणसांना तो आणखी अडकवतो. विनयपिटकात त्या कुप्रसिद्ध सहा भिक्खूंच्या टोळीने विहाराच्या भिंतींवर स्त्रीपुरुषांची चित्रं काढून घेतल्याची हकिगत आहे. बुद्धाने ती बंद केली आणि फुलांच्या माळा, वेली, नक्षी यांना परवानगी दिली. आणि संयुत्त निकायात चित्रकाराचा थेट दाखला येतो. लाख, हळद, नीळ, मंजिष्ठ घेऊन चितारी जसा घोटलेल्या फळीवर, भिंतीवर किंवा कापडावर माणसाची आकृती सर्व अवयवांसह उभी करतो, तसाच अडाणी माणूस रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांतून पुन्हा पुन्हा स्वतःला रंगवत राहतो. म्हणजे चित्रकार हा साधकाचा आदर्श म्हणून आलेलाच नाही. भ्रम कसा तयार होतो हे समजावण्यासाठी तो आला आहे. ‘कला हीच साधना’ असं लिहिलेला फलक कलादालनाच्या दारावर लावणाऱ्यांनी हा उतारा शेजारी लावून दाखवावा.

पण हाच उतारा सावकाश वाचला तर दुसरीही गोष्ट दिसते. दाखला देणाऱ्याने चितारी जवळून पाहिला आहे. रंग कशाचे, पृष्ठभाग घोटलेला हवा, आकृती ‘सर्व अवयवांसह’ उतरते, हे त्याला ठाऊक आहे. तो म्हणतो ते एवढंच की हे चित्रही चित्तानेच योजलेलं असतं, आणि चित्त या चित्राहून अधिक बहुरंगी आहे. मग ज्याच्या हातून चित्र घडतं, त्याला चित्ताची ही कारागिरी रंगेहाथ पकडायची संधी इतरांपेक्षा जास्त मिळत नाही का? कारकून दिवसभरात शेकडो वेळा स्वतःच्या कल्पना जगावर थापतो आणि त्याला पत्ता लागत नाही. चित्रकाराने थापली तर ती कागदावर उमटते, पुसता येत नाही, आणि शेजारी खरं तळं उभंच असतं.

बौद्ध परंपरेनेच हाताने घडवलेली दृश्यवस्तू साधनेत आणली आहे, आणि इतक्या बारकाईने की आपल्या कार्यशाळावाल्यांना घाम फुटेल. पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात ध्यानाचे चाळीस विषय आहेत, पैकी दहा कसिणं, म्हणजे नजर आणि मन खिळवायची साधनं. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, प्रकाश आणि मर्यादित अवकाश. पृथ्वी-कसिणासाठी साधकाने मातीची चकती स्वतः करायची. माती अरुणाच्या रंगाची, गंगेच्या गाळासारखी. निळी, पिवळी, तांबडी किंवा पांढरी नको, नाहीतर ती रंगांच्या कसिणात मिसळेल. गवत, मुळं, खडे, वाळू निवडून काढायची. चकती वीतभर आणि चार बोटं रुंद, नगाऱ्याच्या कातड्यासारखी सपाट घासलेली. घासायला लाकडी साधन घेऊ नये, त्याने रंग बिघडतो, दगडी घ्यावं. जागा विहाराच्या मधोमध नको, ये-जा असते. झाडून, आंघोळ करून अडीच हातांवर ठरलेल्या उंचीच्या आसनावर बसायचं. आणि मग डोळे. फार मोठे उघडले तर थकतात आणि चकती भलतीच ठळक होते. फार कमी उघडले तर ती धूसर होते, मन पेंगतं. आरशात चेहरा पाहताना असतात तेवढेच उघडायचे. कधी उघडून, कधी मिटून पाहायचं, मिटल्यावरही ती तितकीच स्पष्ट दिसेपर्यंत. दिसू लागली की तिथे बसायचं कारण संपलं. उठायचं, आपल्या खोलीत जायचं आणि मनातल्या प्रतिमेवर पुढचं काम करायचं. इतक्या मेहनतीने घासलेली चकती मागे राहते. तिला कुणी चौकट करत नाही.

डोळे मिटलेला बुद्ध खरा की उघड्या डोळ्यांचा, यावर तावातावाने भांडणाऱ्यांना हा परिच्छेद मी आवर्जून वाचून दाखवतो. ज्या ग्रंथात ध्यानाचं तंत्र इतकं उलगडलं आहे, त्याने पापण्यांचा प्रश्न तत्त्वाचा मानलाच नाही. तो सरावाचा मानला. काय केल्याने नीट दिसतं, एवढंच पाहिलं. अर्थात कसिण म्हणजे कला नाही, हेही इथेच कबूल करतो. ती तयारी आहे. तालमीत जोर-बैठका काढणारा पैलवान त्या वेळी कुस्ती मारत नसतो. पण जोर न काढता मैदानात उतरलेल्याचं काय होतं, हे खासबागेच्या मातीला विचारा.

दुसऱ्या तटाचं खरं म्हणणं मात्र तिपिटकातून आलेलं नाही, ते आयुष्यातून आलेलं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य बौद्धांना बुद्ध भेटला तो झेन बागेतून किंवा तिबेटी थांगक्यातून नव्हे. तो भेटला पाण्याच्या हक्कातून. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. त्याच्या सात वर्षं आधी, मार्च १९२० मध्ये, तेव्हाच्या कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराजांनी तिथे जाऊन ‘तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला’ या आशयाचं भाषण केलं. बिंदू चौकातला बाबासाहेबांचा पुतळा ९ डिसेंबर १९५० चा, त्यांच्या हयातीतला, जोतीरावांच्या पुतळ्याशेजारी. या वाटेने धम्माकडे आलेल्या माणसाला एखाद्या तारांकित हॉटेलच्या स्वागतकक्षात फिकट सोनेरी बुद्ध दिसला तर त्याचं डोकं फिरणारच, आणि फिरायलाच हवं. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत विचारलेला प्रश्न आजही टोचतो: भिक्खू घडवण्यामागे बुद्धाचा हेतू काय होता, परिपूर्ण माणूस की समाजसेवक? तो नुसताच परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वार्थी आहे, धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, इतकं स्पष्ट त्यांनी लिहिलं. ‘चित्र काढताना मला माझ्यातली शांतता सापडते’ हे वाक्य या कसोटीवर लावून पाहा. दोन्ही वेळा ‘मी’ आहे, आणि दुसरं कुणीच नाही.

इथवर मी त्यांच्याबरोबर आहे. पुढचं पाऊल ते टाकतात तिथे मी थांबतो. ते म्हणतात, म्हणून अवधान, निरीक्षण, ध्यान हे सगळंच पळवाट. कशावरून? बाबासाहेबांनी बुद्धचरित्राची मांडणी बदलली तेव्हा नेमकं काय केलं ते आठवा. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं पाहून राजपुत्र घर सोडतो, ही पारंपरिक गोष्ट त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलंच नसेल, हे कोण मानेल? त्या जागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीयांत पेटलेला झगडा आणला. गोष्टीतलं पाहणं त्यांनी काढून टाकलं नाही. काय पाहिलं, ते बदललं. आणि नदी, पाणी, हक्क, युद्ध हे पाहायला अधिक कसलेली नजर लागते, कारण ते रस्त्याच्या कडेला प्रेतासारखं उघडं पडलेलं नसतं. अन्यायाची पहिली करामतच ही की तो सवयीचा करून टाकतो. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट दिसेनाशी होते. तिला पुन्हा दिसती करणं हे क्रांतीच्या आधीचं काम आहे, आणि ते करण्याचे जे थोडे मार्ग आहेत त्यांत चित्र हा एक आहे. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात कुंचला हाती घेतला, उघड्या डोळ्यांचा बुद्ध रेखाटला. ती काय पळवाट होती? बिंदू चौकातले पुतळे उभे करण्यात पुढे असलेले भाई माधवराव बागल चित्रकलेचं शिक्षण घेतलेले आणि सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. पुतळे घडवले शिल्पकार बाळ चव्हाणांनी. या शहरात तरी चळवळ आणि कला यांच्यात भिंत उभी करायला कुणी जाऊ नये, पाया खणतानाच माणसं हसतील.

आता पहिल्या तटाकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. कोल्हापूरला प्रत्यक्ष जागेवर जाऊन निसर्गचित्र करण्याची परंपरा आहे. आबालाल रहिमान जे. जे.मधून शिकून परतले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तेच तळं वेगवेगळ्या प्रहरांना रंगवत राहिले. मुंबईची वाट धरली असती तर पैसा मिळाला असता असं त्यांच्याबद्दल नेहमी बोललं जातं. १९३१ मध्ये ते गेले. मुसलमान घरात जन्मलेल्या या माणसाला मागाहून बौद्ध ठरवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही, आणि महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं तळ्यात सोडली या आख्यायिकेवर माझा युक्तिवादही उभा करणार नाही. आख्यायिका लोकांना फार आवडतात, एवढंच तिच्याबद्दल बोलेन. मला महत्त्वाचं वाटतं ते तळं एकच असणं. नव्या नजाऱ्यामागे न धावता त्याच पाण्याकडे पुन्हा जायचं, कालचं चित्र डोक्यातून काढून टाकायचं. ‘उदान’ या पाली ग्रंथात बाहियाची गोष्ट आहे. तो सुप्पारकचा, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा. घाईने श्रावस्ती गाठून तो बुद्धाला भर रस्त्यात अडवतो, भिक्षेची वेळ आहे तरी ऐकत नाही, आत्ताच शिकवा म्हणतो. बुद्ध त्याला सांगतो: पाहिलेल्यात फक्त पाहिलेलं असू दे, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं. बस, एवढंच. कोटितीर्थाच्या काठी रोज बसणाऱ्या माणसाचा अभ्यास याच्याहून वेगळा कसा सांगायचा, मला सुचत नाही.

पण हे किती अवघड आहे ते रंकाळ्यावर जलरंग घेऊन बसलं की कळतं. पाणी रंगवायचं म्हटलं की हात कोबाल्ट ब्लूकडे जातो. ढगाळ सकाळी रंकाळ्याचं पाणी निळं नसतं. ते राखेच्या रंगाचं असतं, काठाला शेवाळी, पायऱ्यांखाली जवळजवळ तपकिरी, आणि शालिनी पॅलेसची सावली पडते तिथे त्यात एक मळकट जांभळा येतो, त्याला नाव नाही. हात कोबाल्टकडे जातो कारण डोळ्यांआधी संज्ञा पोचलेली असते: ‘पाणी’, म्हणून निळं. पंचस्कंधांवर दहा व्याख्यानं ऐकून जे समजत नाही ते या एका चुकीच्या बुडवलेल्या ब्रशने समजतं. तोवर पावसाळी हवेत पहिला वॉश वाळलेला नसतो, आणि आभाळ मात्र बदलून गेलेलं असतं. मग ठरवावं लागतं: मघाचं आभाळ आठवून रंगवायचं की आत्ताचं? अनित्यता म्हणजे काय, हे विचारायला वेगळं कुठे जायची गरज आहे का?

हे सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतो. रंकाळ्याची, पंचगंगेच्या घाटाची जेवढी निसर्गचित्रं आपल्या प्रदर्शनांत लागतात त्यांत केंदाळ कुठे असतं? जलपर्णीने पात्र झाकलेलं, सांडपाण्याच्या तोंडाशी फेस, कधी मेलेले मासे. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात, कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले. चित्रात मात्र नदी अजून सोनेरी आहे, एक होडी आहे, घाटावर कपडे धुणारी बाई आहे. तीन तास तिथे बसून, नजर न हलवता, ध्यान लावून चित्रकाराने केंदाळ पाहिलं आणि गाळलं. चित्रकार म्हणेल, ही माझी रचना, केंदाळाने काँपोझिशन बिघडतं. मान्य, रचनेसाठी झाडही हलवता येतं. पण मग त्या तीन तासांना ध्यान म्हणायचा हट्ट सोडावा. आवडत नाही ते न पाहण्याचा सराव तर आपण सगळे कुंचल्याशिवायही उत्तम करतो. पहिलं आर्यसत्य दुःखाचं आहे, आणि त्याबद्दल बुद्धाने सांगितलेलं काम म्हणजे ते पूर्णपणे जाणून घेणं. दुःखाची बाजू चौकटीबाहेर राहील असा कोन निवडणं हे त्यात कुठे बसतं?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे अजिंठा. ‘अहो, अजिंठ्याची ती पद्मपाणीची मुद्रा बघा, किती शांत!’ बघितली. आता त्याच्या शेजारची भिंत बघा. वाकाटककाळातल्या त्या लेण्यांत गर्दी आहे, बाजार आहे, दरबार आहेत, हत्ती आहेत, वियोग आहेत. सतराव्या लेण्यात राजपुत्र विश्वंतर आपली पोटची पोरं दान करून टाकतो; दानाची महती सांगणारी गोष्ट असूनही पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. सोळाव्यात बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्खू झाल्याची बातमी ऐकून कोसळणारी त्याची बायको आहे. तिला लोक ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून ओळखतात. धम्माच्या विजयाच्या कथेत धम्मामुळे उद्ध्वस्त झालेल्या बाईलाही भिंत द्यावी, हे धाडस त्या चित्रकारांत होतं. त्यांनी गाळलं नाही. लेणं करवून घेणाऱ्या वराहदेवाचं नाव कोरलेलं आहे, सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र भिक्खूचं आहे. ज्यांनी दिव्याच्या आणि परावर्तित उजेडात त्या भिंती रंगवल्या त्यांचं नाही. सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याच्या चित्राचे, अवशेष आहेत, आणि ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात अशा चक्राबद्दल सूचना सापडते: विहाराच्या दारात ते रंगवावं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायला तिथे एक भिक्खू नेमावा. म्हणजे चित्र स्वतःच बोलतं, मौनात उतरतं, शब्दांची गरज नाही, हा आपला लाडका समज त्या परंपरेला मान्य नव्हता. चित्रापुढे माणूस भांबावला तर त्याला विचारायला कुणीतरी असलं पाहिजे, इतका साधा विचार त्यांनी केला होता.

तिसरा आक्षेप चित्रकारांचाच असतो आणि तो चोख आहे. चित्र चांगलं की वाईट एवढं बोला. काढणाऱ्याचं मन कुठे होतं याच्याशी पाहणाऱ्याला काय करायचंय? बरोबर. शुद्ध मनाने काढलेली टुकार चित्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांना झेनची ओढ होती, वर्षाकाठी ते मोजके कॅनव्हास करत, रोलर आणि नाइफने थर चढवत आणि उतरवत. पण त्यांचं मोठेपण कॅनव्हासवर आहे, ओढीत नाही. आणि २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २९ कोटींहून जास्त बोली लागली तेव्हा त्या शांततेचा भाव नेमका कुणी ठरवला, हेही विचारावं. साधना तपासायची साधकाच्या नजरेत काय बदललं यावर, चित्र तपासायचं चित्रावर. घोटाळा होतो तो एकाची पत दुसऱ्याच्या खात्यावर वापरली की. कॅटलॉगमध्ये ‘ध्यानावस्थेतून उमटलेली रूपं’ असं छापलं की समीक्षकाचं तोंड बंद, आणि गिऱ्हाइकाचं पाकीट उघडं.

राहिल्या कार्यशाळा. त्यांची टिंगल करणं सोपं आहे, आणि थोडी मीही केली. तिबेटी भिक्खू वाळूचं मंडल करतात त्यामागे पाठांतराची, प्रमाणांच्या अभ्यासाची वर्षं असतात, आणि पूर्ण झालेलं मंडल झाडून वाहत्या पाण्यात सोडलं जातं. आपल्याकडे दोन तासांत काळ्या पेनाने गोल भरतात, सेल्फी होते, लॅमिनेशन होतं. पण घरातलं आजारपण, नोकरी, पोरांच्या परीक्षा यांतून ज्या बाईला आठवड्यात तेवढेच दोन तास स्वतःचे मिळतात, तिला ‘हे बौद्ध नाही’ म्हणून हिणवणारा मी कोण? बौद्ध परंपरेनेही भ्यालेल्या माणसाला रक्षणासाठी म्हणायचा परित्तपाठ आणि मंतरलेला दोरा दिलाच आहे. प्रत्येकाला निर्वाणाची परीक्षा द्यायला लावलेलं नाही. माझं भांडण त्या बाईशी नाही. ज्याने त्या दोन तासांवर ‘प्राचीन बौद्ध ध्यानपद्धती’ अशी पाटी लावून फी वाढवली आणि शील हा शब्द एकदाही उच्चारला नाही, त्याच्याशी आहे. अष्टांग मार्गात सम्यक स्मृती आणि समाधी आहेत, तशा सम्यक वाणी, कर्म आणि आजीविकाही आहेत. उपजीविका कशी कमावतो हा प्रश्न ध्यानाच्या वर्गात वर्ज्य कसा?

कला महाविद्यालयांना आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना यातून काही करता येईल. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत, शहरापासून तासाभराचाही रस्ता नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांनी मोबाइलवरचा बुद्धाचा चेहरा उतरवून आणण्यापेक्षा तिथला एक खांब तीन वेगवेगळ्या वेळी काढून आणावा, आणि येताना पंचगंगेवर थांबून जे दिसेल ते सगळं काढावं. शिक्षकांनी गुण देताना एकदा तरी विचारावं, काय गाळलंस आणि का. विहारांनी चित्रकारांकडे फक्त मूर्ती आणि बॅनरपुरतं पाहू नये. वर्षावासात धम्मग्रंथाचं वाचन होतं तिथे एका संध्याकाळी एखाद्या चित्रासमोर बसून चर्चा व्हायला काय हरकत आहे? आणि बुद्धावरचं पुढचं प्रदर्शन भरवणाऱ्यांनी ‘दिव्यावदाना’तली सूचना तेवढी अमलात आणावी. दाराशी एक माणूस बसवावा, ज्याला कुणीही काहीही विचारू शकेल. तो चित्रकार नसला तरी चालेल. पाली शिकवणारा मास्तर असेल, विहारातला एखादा जाणता उपासक असेल. मानधन आयोजकांनी द्यावं. उद्घाटनाच्या हारतुऱ्यांच्या खर्चात ते आरामात बसतं.